मातीतले जिवाणू आणि साखळ्या तोडणारे एन्झाइम: ठाणे–नवी मुंबईत पहिला प्रकल्प करणाऱ्यांसाठी

मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प निवडायची वेळ आली की मातीतून अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) किंवा सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं) बनवणारे जिवाणू शोधायचा विषय दरवर्षी कुणीतरी घेतंच. विषय जुना आहे म्हणून सोपा समजला जातो. प्लेटवर स्वच्छ वलय दिसतं, फोटो निघतो, कलरीमीटरवर रीडिंग येतं, आलेख चिकटवला जातो. मग तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक विचारतात, "हा आकडा एन्झाइमचाच आहे कशावरून?" आणि पुढे बोलणं खुंटतं.

हा लेख त्या प्रश्नाच्या तयारीसाठी आहे. कृती तुम्हाला कुठल्याही प्रॅक्टिकलच्या वहीत मिळेल. तिथे बहुतेक वेळा नसतं ते म्हणजे कुठल्या टप्प्यावर कोणता कंट्रोल (तुलनेसाठीची नळी किंवा प्लेट) लावायचा आणि का. म्हणून सगळा भर त्यावर दिला आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. हे काम कॉलेजच्या किंवा संस्थेच्या प्रयोगशाळेतच करायचं, घरच्या ओट्यावर नाही. मातीतून काय उगवेल ते आपल्या हातात नसतं. त्यात बॅसिलस सिरियससारखे आजार देणारे जिवाणूही असतात आणि प्लेटवर आपण त्यांची संख्या लाखोपटीने वाढवत असतो.

कुठली साखळी, आणि ती कुठे कुजते

पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या लहान रेणूंची लांब साखळी. स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच. फरक जोडणीचा: स्टार्चमध्ये अल्फा, सेल्युलोजमध्ये बीटा. एवढ्या फरकाने एक आपल्याला पचतं आणि दुसरं पचत नाही. लाकडात आणि कोंड्यात झायलॅन असतं, फळांच्या सालीत पेक्टिन, कोळंबीच्या आणि खेकड्याच्या कवचात कायटिन. प्रत्येकाला तोडणारं एन्झाइम वेगळं: अमायलेज, सेल्युलेज, झायलनेज, पेक्टिनेज, कायटिनेज.

साधा नियम असा, की ज्या ठिकाणी ती साखळी महिनोन्‌महिने कुजत पडली आहे, तिथेच तिला खाणारे जिवाणू दाट असणार. त्या दृष्टीने आपला भाग फार श्रीमंत आहे. वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा बाजाराच्या कडेची माती अमायलेजसाठी उत्तम. आंब्याच्या हंगामात पेट्यांमधला पेंढा भिजून कुजतो, त्याखालची माती सेल्युलेज आणि झायलनेजसाठी. लाकडाच्या वखारीतल्या जुन्या भुशाखालची मातीही त्यासाठीच. कायटिनेज हवं असेल तर चेंदणी कोळीवाडा किंवा दिवाळे कोळीवाड्यात कोळंबी सोलतात तिथली, सोलणाऱ्या मावशींना विचारून. आणि काहीच जमलं नाही तर तुमच्या सोसायटीचा ओल्या कचऱ्याचा कंपोस्ट पिट आहेच. तिथे वरच्या थराखाली हात घातला तर ऊब लागते. उष्णता सोसणारे जिवाणू शोधायला ती जागा मला सगळ्यांत आवडते.

येऊरच्या जंगलाचा आणि खाडीकाठच्या तिवरांचा मोह सगळ्यांनाच होतो. पण येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जाही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला. तिथून चमचाभर माती आणायलाही वन विभागाची, खाडीसाठी कांदळवन कक्षाची, लेखी परवानगी लागते. परवानगी मिळायला वेळ लागतो, म्हणून कॉलेजमार्फत अर्ज सत्र सुरू होण्याआधीच करा. परवानगी नसेल तर बाजाराची माती घ्या, प्रकल्पाला काही कमी पडत नाही.

नवशिक्यांनी एकच एन्झाइम निवडावं असं माझं स्पष्ट मत आहे. पाच एन्झाइमांचे पाच अर्धवट तक्ते करण्यापेक्षा एका अमायलेजचा नीट अभ्यास कितीतरी मोलाचा. खालची उदाहरणं म्हणून अमायलेजची आहेत. सेल्युलेजची वाट जिथे वेगळी होते तिथे ते सांगितलं आहे.

माती आणणं

वरचा पालापाचोळा बाजूला करा, पाच ते पंधरा सेंटीमीटर खोलीवरून माती घ्या. एकाच जागेच्या चार-पाच ठिकाणांहून थोडी थोडी घेऊन मिसळा. निर्जंतुक पिशवी, अल्कोहोलने पुसलेला चमचा, पिशवीवर ठिकाण, तारीख, खोली, मातीचं तापमान. प्रयोगशाळेत आल्यावर पीएच मोजा. त्याच दिवशी काम सुरू करता आलं नाही तर चार अंशांवर ठेवा.

पावसाळ्यात पाणी साचलेली माती टाळा. तिच्यात हवा उरत नाही, आणि आपण शोधतोय ते बहुतेक जिवाणू हवेत वाढणारे आहेत.

प्लेटवर

एक ग्रॅम माती नऊ मि.ली. निर्जंतुक सलाइनमध्ये (०.८५ टक्के मीठ) घालून जोरात हलवा. त्यातून दहा-दहा पटीने पातळ करत दहा लाख पटींपर्यंत जा. शेवटच्या तीन पातळ्यांमधून ०.१ मि.ली. प्लेटवर पसरा. फक्त बॅसिलस गटातले, बीजाणू तयार करणारे जिवाणू हवे असतील तर मातीचं द्रावण आधी ८० अंशांवर दहा मिनिटं ठेवा. बाकीचे मरतात, बीजाणू टिकतात. कचऱ्याच्या मातीत भराभर पसरणाऱ्या वसाहतींचा त्रास यामुळे बराच कमी होतो.

स्टार्च अगारसाठी एका लिटरला विद्राव्य स्टार्च १० ग्रॅम, पेप्टोन ५, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ३, मीठ ५ आणि अगार १५ ते २० ग्रॅम, पीएच ७. स्टार्च थोड्या थंड पाण्यात कालवून मग उकळत्या माध्यमात ओता, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. सेल्युलेजसाठी स्टार्चच्या जागी सीएमसी (कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज) वापरत असाल तर तो ढवळत-ढवळत चिमटीने भुरभुरवायचा. एकदम ओतला तर त्याचे गोळे होतात आणि ऑटोक्लेव्हमध्येही सुटत नाहीत. १२१ अंशांवर पंधरा ते वीस मिनिटं. स्टार्चच्या प्लेट फ्रिजमध्ये फार दिवस ठेवू नका, स्टार्च पुन्हा घट्ट होऊन प्लेट दुधाळ दिसू लागते.

३० ते ३७ अंशांवर एक-दोन दिवसांनी वसाहती दिसतील. आयोडीन ओतायची घाई करू नका. आयोडीनने वसाहती मरतात. आधी प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या वसाहतीतून काडीने टिपून एकाच क्रमाने दोन प्लेटवर ठिपके द्या. एक जपून ठेवायची, दुसरीवर आयोडीन. स्टार्च जिथे आहे तिथे निळा-काळा रंग येतो, जिथे संपलं तिथे वलय.

सेल्युलेजसाठी सीएमसीच्या प्लेटवर ०.१ टक्का काँगो रेड पंधरा मिनिटं, मग एक मोलर मिठाच्या पाण्याने धुवायचं. ही पद्धत टीदर आणि वुड यांनी १९८२ मध्ये मांडली आणि आजही तीच चालते. लाल पार्श्वभूमीवर फिकट पिवळं वलय दिसतं. काँगो रेड बेन्झिडीनपासून बनतो, हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही आणि तो सिंकमध्ये ओतायचा नाही.

खाडीच्या बाजूची माती वापरलीत तर एखादे वेळी वसाहतीभोवती अगारच खचलेला दिसेल. प्लेट खराब झाली म्हणून फेकू नका. अगार हासुद्धा समुद्री शेवाळातला पॉलिसॅकराइडच आहे, आणि तुमच्या हाती अगारेज बनवणारा जिवाणू लागलेला असतो.

वलय काय सांगतं आणि काय सांगत नाही

वलयाचा व्यास भागिले वसाहतीचा व्यास, हा निर्देशांक सगळे काढतात. तो दहा-वीस जिवाणूंमधून तीन-चार निवडण्यापुरता उपयोगी आहे. त्यावरून "सर्वांत जास्त एन्झाइम देणारा" ठरवता येत नाही, कारण वलय एन्झाइम अगारमधून किती वेगाने पसरतं यावरही अवलंबून असतं. लहान रेणूचं एन्झाइम कमी असूनही मोठं वलय देऊ शकतं.

दुसरं, सीएमसीवरचं वलय म्हणजे पूर्ण सेल्युलेज नव्हे. सीएमसी हे पाण्यात विरघळावं म्हणून बदललेलं सेल्युलोज आहे. त्यावर फक्त साखळी मधून तोडणारं एंडोग्लुकनेज दिसतं. खरा पेंढा किंवा कागद विरघळवायला साखळीच्या टोकापासून तोडणारं आणि शेवटी सेलोबायोजचं ग्लुकोज करणारं, अशी आणखी एन्झाइम लागतात. त्यासाठी व्हॉटमन क्रमांक १ फिल्टर पेपरच्या पट्टीवर वेगळी चाचणी करतात. सीएमसीवर वलय देणारे बरेच जिवाणू या कागदावर जवळजवळ काहीच करत नाहीत. अहवालात "सेल्युलेज" असं मोघम न लिहिता "सीएमसीवरील एंडोग्लुकनेज" लिहा, परीक्षकांच्या अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

निवडलेल्या तीन-चार जिवाणूंची खात्री अशी करा. द्रव माध्यमात वाढवा, सेंट्रीफ्यूज करून पेशी काढून टाका, वरचं स्वच्छ द्रव ताज्या स्टार्च अगारमध्ये पाडलेल्या विहिरीत घाला. शेजारच्या विहिरीत तेच द्रव उकळून घाला, तिसरीत नुसतं न वापरलेलं माध्यम. पहिल्याभोवती वलय आणि बाकी दोघांभोवती काही नाही, असं दिसलं तरच पेशींनी बाहेर सोडलेलं, उष्णतेने मरणारं काहीतरी काम करतंय असं म्हणता येईल.

नाव आणि जपणूक

ग्रॅम स्टेन, बीजाणू, कॅटलेज या नेहमीच्या चाचण्या करा. नाव मात्र १६एस आरआरएनए या, जिवाणू ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जनुकावरून ठरवा. २७एफ आणि १४९२आर हे प्रायमर, सुमारे दीड हजार बेसचा तुकडा, बाहेर सिक्वेन्सिंगला पाठवता येतो. एक मर्यादा लक्षात ठेवा: बॅसिलस सबटिलिसच्या जवळच्या प्रजाती १६एसवरून नीट वेगळ्या होत नाहीत, त्यासाठी जायरेज-बी जनुक बघावं लागतं. ते केलं नसेल तर "बॅसिलस सबटिलिस गट" एवढंच लिहा.

जिवाणू हाती लागला त्याच आठवड्यात १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये पाच-सहा नळ्या भरून उणे ८० किंवा निदान उणे २० अंशांवर ठेवा. स्लँटवरून (नळीतल्या तिरप्या अगारवरून) स्लँटवर फिरवत राहिलेले जिवाणू हळूहळू एन्झाइम बनवणं कमी करतात. चांगलं निघालं तर पुण्यात एनसीएलमधलं एनसीआयएम किंवा चंडीगडचं एमटीसीसी या जिवाणूंच्या संग्रहांत जमा करता येतं. परदेशातल्या प्रयोगशाळेला जिवाणू पाठवायचा असेल तर जैवविविधता कायदा २००२ लागू होतो आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते.

उत्पादन: फ्लास्कमध्ये

एका लिटरला स्टार्च १० ग्रॅम, पेप्टोन ५, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ३, मॅग्नेशियम सल्फेट ०.५, कॅल्शियम क्लोराइड ०.१. कॅल्शियम विसरू नका, बहुतेक अल्फा अमायलेजचा आकारच कॅल्शियमच्या आधारावर टिकून असतो. माध्यमात फॉस्फेट घालत असाल तर कॅल्शियम वेगळं ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळा, नाहीतर पांढरा साका बसतो. २५० मि.ली.च्या फ्लास्कमध्ये ५० मि.ली.च माध्यम घाला, बाकी जागा हवेला. रात्रभर वाढवलेलं बीज (जिवाणूंचं विरजण) दोन टक्के, ३७ अंश, १५० आरपीएम (मिनिटाला फेरे).

ग्लुकोज घालून वाढ चांगली होते म्हणून ते घालायचा विचार अनेकांच्या मनात येतो. तसं करू नका. सहज मिळणारी साखर असताना बॅसिलस अमायलेजचं जनुक दाबून ठेवतो. वाढ जोरात आणि एन्झाइम नाही, अशी गत होते. ते दाखवायचंच असेल तर एक फ्लास्क ग्लुकोजचा, एक स्टार्चचा, असा छान छोटा प्रयोग होऊ शकतो.

दर सहा तासांनी थोडा नमुना काढा आणि चार गोष्टी एकत्र नोंदवा: ६०० नॅनोमीटरवरची वाढ, पीएच, एन्झाइम, प्रथिन. एकट्या एन्झाइमचा आलेख काही शिकवत नाही. चारही रेषा एकाखाली एक ठेवल्या की दिसतं, की एन्झाइम बहुधा वाढ मंदावू लागते तेव्हा चढतं, आणि नंतर उतरतं तेव्हा एकतर पीएच घसरलेला असतो नाहीतर जिवाणूने सोडलेली प्रोटिएज एन्झाइम खाऊ लागलेली असतात. काढणीची वेळ याच आलेखावरून ठरवा. रात्रीचा नमुना चुकणार असेल तर बीज संध्याकाळी टाका, म्हणजे महत्त्वाचे तास दिवसा येतील.

स्टार्चच्या जागी बटाट्याची सालं किंवा गव्हाचा कोंडा वापरता येतो. सालं वाळवून दळा, आणि त्यांच्यात आधीच किती साखर आहे ते मोजा. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत कापसाची बुचं ओलसर होतात आणि बुरशी आत शिरते. बुचावर कागद बांधा, आणि बीज न टाकलेला एक फ्लास्क शेजारी नेहमी फिरत ठेवा. तो गढूळ झाला तर त्या खेपेचे सगळेच फ्लास्क बाद.

काढणीला सेंट्रीफ्यूज ८,००० ते १०,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला जोर), चार अंश, पंधरा मिनिटं. इथे आरपीएम आणि जी यांची गल्लत फार होते. जी काढायचं सूत्र: ०.००००१११८ गुणिले रोटरची त्रिज्या सेंटीमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग. आठ सेंटीमीटरच्या रोटरवर १०,००० आरपीएम म्हणजे साधारण ८,९४४ जी. अहवालात जी लिहा, म्हणजे दुसऱ्या मशीनवरही कुणाला तो प्रयोग करता येईल. मिळालेलं द्रव बर्फावर ठेवा.

डीएनएस: इथेच सगळं ठरतं

साखळी तुटली की प्रत्येक तुटीला एक क्षपणकारी (रिड्यूसिंग) टोक मोकळं होतं. ३,५-डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल, म्हणजेच डीएनएस, त्या टोकाशी तापवल्यावर अभिक्रिया करून पिवळ्याचं नारिंगी-लाल होतं. मिलर यांनी १९५९ मध्ये सुधारलेली ही पद्धत स्वस्त आहे आणि प्रत्येक प्रयोगशाळेत होते. पण डीएनएसला एन्झाइम कळत नाही. त्याला फक्त मोकळी टोकं कळतात, ती कुठूनही आलेली असोत.

अभिकारक असा: एक ग्रॅम डीएनएस २० मि.ली. दोन नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा. ३० ग्रॅम रोशेल सॉल्ट ५० मि.ली. पाण्यात विरघळवून त्यात मिसळा, एकूण १०० मि.ली. करा. गडद बाटलीत ठेवा.

१. नळीत ५० मिलिमोलर फॉस्फेट बफरमधलं (पीएच ७) एक टक्का स्टार्च ०.५ मि.ली. घ्या, ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये पाच मिनिटं ठेवा.

२. ०.५ मि.ली. पातळ केलेलं एन्झाइम घाला आणि घड्याळ सुरू करा.

३. बरोबर दहा मिनिटांनी एक मि.ली. डीएनएस घाला. ते तीव्र अल्कधर्मी असल्याने एन्झाइम तिथेच थांबतं.

४. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, मग थंड करून आठ मि.ली. पाणी, ५४० नॅनोमीटरवर रीडिंग.

नळ्या जास्त असतील तर प्रत्येक नळीत अर्ध्या मिनिटाच्या अंतराने एन्झाइम घाला आणि त्याच अंतराने थांबवा.

आता कंट्रोल. तुमच्या द्रवात आधीच अर्धवट तुटलेलं स्टार्च, माल्टोज, यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधल्या साखरा असतात. त्या सगळ्या रंग देतात. म्हणून प्रत्येक नमुन्याची स्वतःची ब्लँक नळी हवी: स्टार्च, त्यावर आधी डीएनएस, आणि सगळ्यात शेवटी एन्झाइम. या नळीत सगळे घटक आहेत, फक्त एन्झाइमला काम करायला वेळ मिळालेला नाही. चाचणीच्या रीडिंगमधून हे रीडिंग वजा झालं की जे उरतं ते त्या दहा मिनिटांत घडलेलं. बारा, अठरा, चोवीस तासांच्या नमुन्यांना एकच ब्लँक लावणं ही या प्रकल्पांतली सगळ्यात सर्रास दिसणारी चूक आहे, कारण त्या प्रत्येक वेळी द्रवातली साखर वेगळी असते.

उकळलेलं एन्झाइम ब्लँक म्हणून वापरतात, तेही चालतं, पण एका अटीवर. ते खरंच मेलं आहे का ते बघा. बॅसिलस लायकेनिफॉर्मिसचं अमायलेज उद्योगात १०० अंशांच्या वर वापरलं जातं. कंपोस्ट पिटमधून तुम्हाला तसलंच काही मिळालं असेल तर पाच मिनिटं उकळून ते जागचं हलणार नाही, आणि ब्लँकच काम करत राहील. डीएनएस आधी घालायची पद्धत म्हणून जास्त भरवशाची.

अमायलेजच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. आपल्या लाळेत अमायलेज असतं. उघड्या नळ्यांवर बोलू नका, मास्क लावा, आणि तोंडाने पिपेट ओढायची सवय कुणाला उरली असेल तर ती आजच सोडा.

ग्लुकोजचा प्रमाण आलेख ०.१ ते १ मि.ग्रॅ. पर्यंत, दर वेळी नवा डीएनएस केला की नवा. ही रेषा कधीकधी शून्यातून जात नाही. तिला जबरदस्तीने शून्यातून ओढू नका, उतार आणि छेद दोन्ही वापरून साखर काढा.

हिशोब करून बघू. एन्झाइम दहा पट पातळ केलं होतं. ब्लँक वजा करून नळीत ०.३६ मि.ग्रॅ. ग्लुकोजएवढी साखर निघाली. एक मायक्रोमोल ग्लुकोज म्हणजे ०.१८ मि.ग्रॅ., म्हणजे २ मायक्रोमोल. दहा मिनिटांनी भागलं: ०.२ मायक्रोमोल दर मिनिटाला. एन्झाइम ०.५ मि.ली. होतं, म्हणून ०.४ युनिट प्रति मि.ली. पातळ केल्याचे दहा गुणले: ४ युनिट प्रति मि.ली. प्रत्येक पायरी वहीत लिहा. "एक युनिट म्हणजे पीएच ७ आणि ३७ अंशांवर मिनिटाला एक मायक्रोमोल ग्लुकोजएवढी साखर मोकळी करणारं एन्झाइम" हे वाक्य आकड्याशेजारी नसेल तर त्या ४ ला अर्थ नाही. माल्टोज प्रमाण धरून काढलेले युनिट ग्लुकोजच्या युनिटशी थेट ताडून पाहता येत नाहीत.

हा आकडा मान्य करण्याआधी दोन परीक्षा घ्या. २, ५, १० आणि १५ मिनिटांना रीडिंग घेऊन ती सरळ रेषेत आहेत का बघा. आणि एन्झाइम आणखी निम्मं पातळ करून तोच हिशोब करा, उत्तर पुन्हा ४च्या आसपास यायला हवं. ८ आलं तर पहिल्या वेळी एन्झाइम इतकं जास्त होतं की स्टार्च अपुरं पडलं. सीएमसी आणि झायलॅनवर काम करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की डीएनएस लांब तुकड्यांना ग्लुकोजपेक्षा जास्त रंग देतं, त्यामुळे आकडा फुगतो. साखर मोजायची नेल्सन–सोमोगी ही दुसरी पद्धत त्या बाबतीत अधिक खरी आहे.

थोडं शुद्ध करणं

अमोनियम सल्फेटने प्रथिनं खाली बसवायची. २५ अंशांवर ८० टक्के संपृक्ततेला लिटरमागे ५६१ ग्रॅम लागतं. थंडीत करत असाल तर त्या तापमानाचा तक्ता बघा. बर्फावर, हळूहळू ढवळत, चिमटी-चिमटीने घाला. फेस आला की प्रथिन बिघडतं. खाली बसलेलं प्रथिन थोड्या बफरमध्ये विरघळवून चार अंशांवर डायलिसिस करा (पडद्याच्या नळीत भरून बफरमध्ये ठेवा, म्हणजे मीठ बाहेर जातं), बफर दोन-तीनदा बदला.

डायलिसिसची नळी सेल्युलोजची असते, हे सेल्युलेजवाल्यांनी विसरू नये. तुमचं एन्झाइम नळीलाच खाऊ शकतं आणि सकाळी सगळं बफरमध्ये गेलेलं असतं. त्यांनी पॉलिइथरसल्फोनच्या पडद्याचं अल्ट्राफिल्ट्रेशन वापरावं. अगारेजवाल्यांनी त्याच कारणाने अगारोजच्या मण्यांचा कॉलम टाळावा.

प्रथिन ब्रॅडफर्डने (१९७६ ची पद्धत, ५९५ नॅनोमीटर) मोजा आणि तक्ता भरा. समजा कच्चं द्रव १०० मि.ली., ४०० युनिट, १०० मि.ग्रॅ. प्रथिन, म्हणजे मिलिग्रॅमला ४ युनिट. नंतर १० मि.ली., २८० युनिट, २० मि.ग्रॅ., म्हणजे मिलिग्रॅमला १४ युनिट. शुद्धता साडेतीन पट वाढली, ७० टक्के एन्झाइम हाती राहिलं. उत्पन्न १०० टक्क्यांच्या वर आलं तर आनंद मानण्याआधी ब्लँक तपासा. क्वचित एखादा अडथळा करणारा पदार्थ निघून गेल्यानेही तसं होतं.

एसडीएस-पेजबरोबर (प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करणारं जेल) झायमोग्राम, म्हणजे जेलमध्येच एन्झाइमचं काम दाखवणारी चाचणी, जरूर करा. जेलमध्येच ०.१ टक्का स्टार्च घाला, धावल्यावर ट्रायटन एक्स-१०० ने धुऊन एसडीएस काढा, बफरमध्ये ठेवा, मग आयोडीन. निळ्या जेलमध्ये जिथे पांढरा पट्टा येईल ते तुमचं एन्झाइम. साध्या जेलवरचा सगळ्यात ठळक पट्टा आणि हा पट्टा एकच असेल असं गृहीत धरू नका.

स्वभाव जाणून घेणं

पीएचसाठी सायट्रेट ३ ते ६, फॉस्फेट ६ ते ८, ट्रिस ७ ते ९, ग्लायसीन–सोडियम हायड्रॉक्साइड त्यापुढे. जिथे बफर बदलतो तिथला पीएच दोन्ही बफरमध्ये करा. दोन आकडे वेगळे आले तर तो परिणाम पीएचचा नसून बफरचा आहे. सायट्रेट कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून अमायलेज त्यात उगाच दुबळं दिसू शकतं. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.०२८ ने उतरतो. २५ अंशांवर ८ केलेला बफर ६० अंशांवर जवळजवळ ७ असतो. ज्या तापमानाला वापरायचा त्याच तापमानाला पीएच लावा.

"इष्टतम तापमान ६० अंश" आणि "६० अंशांना टिकतं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा मिनिटांच्या चाचणीत ६० ला सगळ्यात जास्त काम करणारं एन्झाइम तासाभरात मेलेलं असू शकतं. टिकाऊपणासाठी एन्झाइम स्टार्चशिवाय ६० अंशांवर ठेवा, ०, १५, ३० आणि ६० मिनिटांना थोडं काढून बर्फावर थंड करा, मग ३७ अंशांवर नेहमीची चाचणी. उरलेल्या कामाचा नैसर्गिक लॉग वेळेसमोर मांडला की सरळ रेषा यायला हवी. ०.६९३ भागिले त्या रेषेचा उतार (ऋण चिन्ह सोडून) म्हणजे अर्धायुष्य. माझ्या मते अहवालातला हा सगळ्यात उपयोगी आकडा आहे.

धातूंच्या परिणामासाठी कॅल्शियम, मॅग्नेशियम, मँगनीज आणि धातू पकडून ठेवणारं ईडीटीए पुरे. पारा जुन्या शोधनिबंधांत सर्रास दिसतो, पण विद्यार्थ्यांच्या प्रयोगात तो आणायची गरज नाही. मर्कॅप्टोइथेनॉल किंवा डीटीटी ही क्षपणकारी रसायनं वापरलीत तर ती स्वतःच डीएनएसला रंग देतात, त्यांची वेगळी ब्लँक लागेल.

गतीसाठी स्टार्चची सात-आठ प्रमाणं घ्या आणि मायकेलिस–मेंटेनचं १९१३ चं समीकरण संगणकावर थेट वक्र रेषेने जुळवा. लाइनवीव्हर–बर्कची उलटी रेषा दिसायला सोपी, पण सगळ्यात कमी प्रमाणाच्या, म्हणजे सगळ्यात कच्च्या रीडिंगना ती सगळ्यात जास्त वजन देते. स्टार्चच्या रेणूला ठराविक वजन नसल्याने केएम (एन्झाइम कमाल वेगाच्या निम्म्या वेगाने काम करतं ते स्टार्चचं प्रमाण) मोलरमध्ये न देता मि.ग्रॅ. प्रति मि.ली. मध्ये द्या.

प्रत्येक मोजणी तिहेरी करा, आणि त्या तीन नळ्या शक्यतो तीन वेगळ्या फ्लास्कच्या असू द्या. एकाच फ्लास्कच्या तीन नळ्या तुमची पिपेट किती स्थिर आहे एवढंच सांगतात.

कापडावर

ठाणे जिल्ह्यात हा प्रकल्प करणाऱ्यांना एक सोय आहे, भिवंडीचे यंत्रमाग. विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावतात, आणि सुती कापडात ती बहुधा स्टार्चची असते. रंगवण्याआधी ती काढावी लागते, आणि त्यासाठी उद्योग जिवाणूंचं अमायलेजच वापरतो. विणून आलेलं, न धुतलेलं कोरं सुती कापड हातभर मिळवा. भिवंडीत पॉलिएस्टरही भरपूर विणलं जातं, म्हणून सूतच आहे ना ते विचारून घ्या. मग आयोडीनचा थेंब टाका. खणखणीत निळा डाग आला तर स्टार्च आहे. हिरवट झाक दिसली तर खळीत पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असू शकतं, तो तुकडा सोडून दुसरा घ्या.

सारखे तीन तुकडे कापा. एक तुमच्या एन्झाइममध्ये, एक त्याच एन्झाइमच्या ऑटोक्लेव्ह केलेल्या भागात, एक नुसत्या बफरमध्ये, तिन्ही ५० अंशांवर तासभर. गरम पाण्याने धुवा, वाळवा, पुन्हा आयोडीनचा थेंब. कापड उद्योग हा डाग १ ते ९ च्या टेगेवा मापावर मोजतो, ९ म्हणजे खळ पूर्ण गेलेली. ते माप हाती नसेल तर तिन्ही तुकडे एकाच उजेडात शेजारी ठेवून फोटो काढा आणि तो अहवालात लावा. खाली एन्झाइमचे युनिट, पीएच, तापमान आणि वेळ लिहा.